ध्रुवीय निर्देशक: आधी वळा, मग चाला

कॉलेजच्या पहिल्या वर्षी चाचणीत आर = २ + ४ कॉस थीटा या समीकरणाचा आलेख काढायला आला होता. मी कोष्टक नेटकं मांडलं आणि जिथे जिथे आर ऋण आला तिथे फुली मारून मोकळी झाले. अंतर कधी ऋण असतं का? दहापैकी तीन गुण मिळाले. पेपरावर लाल शाईत एवढंच होतं: ‘आतला फास कुठे गेला?’ हा फास म्हणजे काय, ते वर्गात कोणी सांगितलं नव्हतं.

गोव्यातल्या डिचोली-पेडण्याच्या बाजूची आमच्यासारखी बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीला इंग्रजी हायस्कुलात जातात. मग गणित मनात एका भाषेत आणि वहीत दुसऱ्या भाषेत चालतं. ‘पोलर कोऑर्डिनेट्स’, म्हणजे ध्रुवीय निर्देशक, ऐकलं की आधी बर्फच डोळ्यांसमोर येतं. बी.एससी.च्या किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात हा धडा पुढ्यात येऊन ज्यांची अशी गत झाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बारावीपर्यंतची त्रिकोणमिती येते, असं धरून चालते.

जवळ काय हवं

कंपास, कोनमापक, पट्टी, दोन रंगांची पेनं, साइन-कॉस असलेला कॅल्क्युलेटर आणि नेहमीचा ग्राफ पेपर. वर्तुळं छापलेला पोलर ग्राफ पेपर मी विचारलेल्या दुकानांत मिळाला नाही. तो घरीच करा: कोऱ्या कागदाच्या मधोमध एक टिंब द्या, त्याभोवती १ ते ८ सेंमी त्रिज्येची आठ वर्तुळं काढा आणि दर १५ अंशांवर एक किरण ओढा. एकूण २४ किरण होतात. रेघा फिकट असू द्या, आणि काही लिहिण्याआधी पंधरा-वीस झेरॉक्स काढून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. या अर्ध्या तासात हाताला जे कळतं ते छापील कागदावर कळत नाही, असं माझं मत.

१. ध्रुव कुठे आणि शून्य अंश कुठे, ते पक्कं करा

पणजीत १८ जून रस्त्याच्या आसपास कोणी पत्ता विचारला, तर आपण सांगतो: दोन गल्ल्या सरळ जा, मग डावीकडे एक. हे एक्स आणि वायचं गणित झालं. समुद्रावर गल्ल्या नसतात. तिथे कोणत्या दिशेला आणि किती लांब, एवढंच सांगता येतं. ध्रुवीय निर्देशक म्हणजे हे दोन आकडे: आर म्हणजे अंतर, थीटा म्हणजे दिशेचा कोन.

मधलं टिंब तो ध्रुव. तिथून उजवीकडे जाणारा किरण म्हणजे ध्रुवीय अक्ष, त्यावर थीटा शून्य. कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वाढतो: वर ९०, डावीकडे १८०, खाली २७०.

इथे होकायंत्र माहीत असलेले लोक हमखास घसरतात. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, मालीमच्या जेटीवरून ट्रॉलरवर जातो. त्याला हा धडा दाखवला तर म्हणाला, ‘हे उलटंच आहे.’ त्याचं खरंच होतं. होकायंत्रात शून्य उत्तरेला असतं आणि कोन घड्याळाच्या दिशेने वाढतो. एकातून दुसऱ्यात जायला ९० मधून होकायंत्राचा कोन वजा करा. होकायंत्रावर ३०० अंशांना बोट दिसली तर ९० − ३०० = −२१०. त्यात ३६० मिळवले की थीटा १५० अंश. कागदावर उजवीकडे पूर्व आणि वर उत्तर धरली, तर ही बोट डावीकडे थोडी वर, म्हणजे पश्चिम-वायव्येला आहे.

२. आधी वळा, मग चाला

बिंदू लिहिताना (आर, थीटा) असा लिहितात. अंतर आधी, कोन मग. काम मात्र नेमकं उलट क्रमाने करायचं असतं आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. (४, १५०°) हा बिंदू मांडायचा तर ध्रुवावर उभे राहा, १५० अंशांकडे तोंड करा आणि मग चार पावलं चाला. किरण धरायचा आधी, वर्तुळं मोजायची नंतर. पहिले आठ-दहा बिंदू ‘वळा, चाला’ असं तोंडाने म्हणत मांडा. लाज वाटली तर दार लावून घ्या.

३. आर ऋण आला तर मागे चाला

हीच ती फुलीची जागा. थीटा सांगतो तोंड कुठे करायचं, आर सांगतो पाय कुठे न्यायचे. आर ऋण असेल तर तोंड हलवायचं नाही, तसंच उभं राहून मागे पावलं टाकायची. (−२, ६०°) म्हणजे तोंड ६० अंशांकडे, पण तुम्ही पोचता २४० अंशांच्या किरणावर, ध्रुवापासून दोन घरं. दादाने हे माझ्याआधी ओळखलं. बोटीचं नाक एकीकडे आणि इंजिन रिव्हर्सला, फाटीं, म्हणजे मागे जायचं, बस्स.

दोन रंगांची पेनं याच्यासाठी आहेत. आर धन असताना निळं, ऋण असताना लाल. वहीत लाल तुकडा दिसेपर्यंत हा नियम मला पटला नव्हता.

४. एका बिंदूचे अनेक पत्ते

एक्स-वायमध्ये एका बिंदूला एकच जोडी असते. इथे तसं नाही. (४, १५०°), (४, ५१०°), (४, −२१०°), (−४, ३३०°) आणि (−४, −३०°) हे सगळे एकच ठिकाण. आमच्या वाड्यावर एकाच माणसाला पाळण्यातलं, शाळेतलं आणि घरात हाक मारायचं अशी तीन नावं असतात, तसंच. ध्रुवाची तर कमालच: आर शून्य असला की थीटा काहीही चालतो. पत्ते अनेक असणं ही गंमत वाटते, पण पायरी १० मध्ये याचाच काच होतो, तेव्हा लक्षात ठेवा.

५. एक्स-वायकडे जाणं-येणं

एक्स = आर कॉस थीटा, वाय = आर साइन थीटा. आपली बोट ४ किलोमीटरवर १५० अंशांना आहे. कॉस १५० = −०.८६६, म्हणून एक्स साधारण −३.४६; साइन १५० = ०.५, म्हणून वाय = २. म्हणजे साडेतीन किलोमीटरला जरा कमी पश्चिमेला आणि दोन किलोमीटर उत्तरेला. हे सोपं आहे.

परतताना सापळा आहे. आरचा वर्ग = एक्सचा वर्ग + वायचा वर्ग, त्यातून ४ मिळतात. कोनासाठी वाय भागिले एक्स करून टॅन इन्व्हर्स दाबलं की कॅल्क्युलेटर −३० अंश दाखवतो. ती बोट आग्नेयेला, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूपलीकडे जमिनीवर! टॅन इन्व्हर्स फक्त −९० ते ९० या पट्ट्यातच उत्तर देतो. एक्स ऋण असेल तर त्यात १८० मिळवा: −३० + १८० = १५०. कॅल्क्युलेटरवर विसंबण्याआधी बिंदू कोणत्या चरणात आहे ते एकदा डोळ्यांनी बघा.

६. पाहताक्षणी ओळखायची समीकरणं

आर = ५ हे ध्रुवाभोवतीचं वर्तुळ. थीटा = ६०° ही ध्रुवातून जाणारी पूर्ण रेषा; मागे चालता येतं म्हणून नुसता किरण नव्हे. आर कॉस थीटा = ३ म्हणजे सरळ एक्स = ३, उभी रेघ.

आर = ६ कॉस थीटा मात्र थोडं थांबून बघा. दोन्ही बाजूंना आरने गुणलं की एक्सचा वर्ग + वायचा वर्ग = ६ एक्स मिळतं. वर्ग पूर्ण केला की केंद्र (३, ०) आणि त्रिज्या ३ असलेलं वर्तुळ. ते ध्रुवाला स्पर्श करून उजवीकडे बसतं. शून्य ते ९० अंशांत वरचा अर्धा भाग निळ्याने होतो. ९० ते १८० मध्ये तोंड डावीकडे, पण पाय मागे, म्हणून उजवीकडचाच खालचा अर्धा भाग लाल पेनाने होतो. १८० अंशांत वर्तुळ संपलं. पुढे ३६० पर्यंत गेलात तर तेच वर्तुळ दुसऱ्यांदा गिरवाल. आलेखाला त्याने काही होत नाही, पण पुढे क्षेत्रफळ काढताना उत्तर दुप्पट येतं आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

७. कोष्टकाआधी लाट काढा

ही युक्ती मला कोणी पहिल्या दिवशी सांगितली असती, तर ते सात गुण वाचले असते. नेहमीच्या ग्राफ पेपरवर आडव्या अक्षावर थीटा, उभ्या अक्षावर आर घेऊन आधी साधा आलेख काढा. कॉसची ओळखीची लाट मिळते, वर-खाली सरकलेली. लाट आडव्या अक्षाला कुठे छेदते, सर्वांत उंच कुठे, सर्वांत खोल कुठे, एवढं बघा. मग तिचा एकेक तुकडा घेऊन ध्रुवाभोवती फिरवा.

माझंच जुनं समीकरण घेऊ: आर = २ + ४ कॉस थीटा. कॉस थीटा = −१/२ झाला की आर शून्य, म्हणजे १२० आणि २४० अंशांवर.

० ते ९०: आर ६ वरून २ वर येतो. उजवीकडून वर वळणारा मोठा बाक.
९० ते १२०: २ वरून शून्य. वक्र ध्रुवात शिरतो.
१२० ते १८०: आर शून्यापासून −२. तोंड डावीकडे वर, पाय मागे, म्हणून रेघ उजवीकडे खाली उतरते. १८० वर पोचलात तेव्हा तुम्ही ध्रुवाच्या उजवीकडे दोन घरांवर असता.
१८० ते २४०: −२ वरून पुन्हा शून्य. तोंड डावीकडे खाली, रेघ उजवीकडे वर. छोटा फास पूर्ण.
२४० ते ३६०: शून्यावरून ६. बाहेरचा खालचा बाक.

लाल पेनाने झालेला तो छोटा फास म्हणजे माझ्या पेपरातून गायब झालेली गोष्ट.

८. हृदयाकृती आणि तिचे भाऊबंद

आता सोपं: आर = ३ + ३ कॉस थीटा. दर ३० अंशांनी किमती घ्या. शून्याला ६, मग ५.६, ४.५, ९० ला ३, मग १.५, ०.४ आणि १८० ला शून्य. कॉसमध्ये थीटाच्या जागी उणे थीटा घातला तरी किंमत बदलत नाही, म्हणून खालचा अर्धा भाग आरशातल्यासारखा उतरवा. मिळते ती कार्डिऑइड, हृदयाकृती. हे नाव १७४१ सालचं, कास्तियॉं या गणितज्ञाने दिलेलं. मला विचाराल तर ते हृदयापेक्षा काजूच्या बोंडूसारखं जास्त दिसतं.

जत्रेतल्या नाटकाला स्टेजवर जे कार्डिऑइड माइक असतात, त्यांचं नाव इथूनच आलं आहे. समोरचा आवाज पूर्ण घेतात, बाजूचा निम्मा, पाठीमागचा जवळजवळ नाही. आलेखात १८० अंशांवर जे शून्य आहे ती माइकची पाठ. नटाचा मॉनिटर स्पीकर त्याच बाजूला ठेवतात, नाहीतर शिट्टी वाजते.

आर = अ + ब कॉस थीटा या सगळ्या कुटुंबाला लिमासाँ म्हणतात, फ्रेंचमध्ये गोगलगाय. ब्लेझ पास्कालचे वडील एतिएन पास्काल यांच्याशी ते जोडलेलं आहे, पण जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ मध्येच तो वक्र काढून ठेवला होता. अ आणि ब दोन्ही धन असतील तर ओळखायचं असं: अ लहान असेल तर आत फास, दोन्ही सारखे तर हृदयाकृती, अ मोठा पण बच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर नुसता खळगा, आणि दुप्पट किंवा जास्त असेल तर खळगाही नाही. कॉसच्या जागी साइन आला तर तीच आकृती उभी राहते, वर तोंड करून.

९. पाकळ्या

आर = ५ कॉस ३ थीटा घ्या. इथे कोष्टकाची पायरी हा सापळा आहे. दर ३० अंशांनी किमती काढल्यात तर ५, ०, −५, ० एवढंच मिळतं, आणि ते टिंब जोडून कसलाही आकार निघेल. १० अंशांनी जा: ५, ४.३, २.५, ०. आता पाकळीला गोलाई येते. ३० ते ९० मध्ये आर ऋण, म्हणून पाकळी उलट बाजूला २४० अंशांभोवती पडते. तिसरी १२० अंशांभोवती. १८० अंशांत तीन पाकळ्या पूर्ण, पुढे पुन्हा त्याच गिरवल्या जातात.

आर = ५ कॉस २ थीटा मध्ये मात्र लाल पाकळ्या निळ्यांवर बसत नाहीत, रिकाम्या जागी पडतात. म्हणून चार. नियम असा होतो: थीटाच्या मागचा पूर्णांक विषम असेल तर तितक्याच पाकळ्या, सम असेल तर दुप्पट. अठराव्या शतकात इटलीच्या ग्वीदो ग्रांदीने या वक्रांना गुलाबाचं नाव दिलं.

तुळशीच्या लग्नाला आमची आजी वृंदावनापुढे सुतळी धरून सहा पाकळ्यांचं फूल काढते. ते समीकरणात बसवायला मी बसले आणि अडकले. तीन घातले तर तीन, सहा घातले तर बारा! पूर्णांक घालून सहा येतच नाहीत. शेवटी आर = ५ कॉस ३ थीटा याची केवलकिंमत घेतली. म्हणजे मागे चालायला बंदी केली. मग ज्या तीन लाल पाकळ्या उलटीकडे जाऊन निळ्यांवर बसत होत्या, त्या आपापल्या जागी उमलल्या आणि सहा झाल्या. आजीच्या पाकळ्या वर्तुळाच्या चापांच्या असतात, या थोड्या वेगळ्या बाकाच्या, हे खरं. पण ऋण आर नेमकं काय करतो ते मला त्या दिवशी पुरतं समजलं.

आणि फुली कुठे बरोबर असते तेही सांगते. आरचा वर्ग = १६ कॉस २ थीटा या समीकरणात ४५ ते १३५ अंशांमध्ये उजवी बाजू ऋण होते. वर्ग ऋण असत नाही, तिथे बिंदूच नाहीत. आडव्या आठासारखा हा लेम्निस्केट, याकोब बर्नुलीने १६९४ मध्ये मांडलेला. ऋण आर चालतो, आरचा ऋण वर्ग चालत नाही.

१०. थोडे आणखी सापळे

रेडियन. आर = थीटा हे आर्किमिडीजचं सर्पिल काढताना थीटा रेडियनमध्येच घ्यायचा. पूर्ण फेरा म्हणजे २ पाय, साधारण ६.२८. अंश घातलेत तर पहिल्या फेऱ्यातच आर ३६० होतो आणि कागद संपतो. या सर्पिलात वेटोळ्यांमधलं अंतर सारखं असतं, डासांच्या कॉइलीसारखं. शंखाचं वेटोळं वेगळं, ते वाढत जातं. बर्नुलीला आपल्या थडग्यावर ते वाढतं सर्पिल हवं होतं. बाझेलच्या कारागिराने कोरलं मात्र कॉइलीचं. तेव्हा चूक तुमच्या हातून झाली तर फार मनाला लावून घेऊ नका.

सममितीची कसोटी. थीटाच्या जागी उणे थीटा घालून समीकरण तेच राहिलं तर आडव्या अक्षाभोवती सममिती आहे. पण बदललं तर सममिती नाही, असं मात्र नव्हे. आर = साइन २ थीटा या कसोटीत नापास होतं, तरी त्याच्या चार पाकळ्या आडव्या अक्षाभोवती सममित आहेत. एका बिंदूला अनेक पत्ते असल्यामुळे दुसरा पत्ता वापरून बघावं लागतं: आरच्या जागी उणे आर आणि थीटाच्या जागी १८० − थीटा.

छेदनबिंदू. आर = १ + कॉस थीटा आणि आर = १ − कॉस थीटा यांची समीकरणं सोडवली की कॉस थीटा शून्य येतो, म्हणजे ९० आणि २७० अंशांवर दोन बिंदू. आलेखात मात्र तीन दिसतात. तिसरा ध्रुव. पहिला वक्र तिथे १८० अंशांना पोचतो, दुसरा शून्य अंशांना. रायबंदर आणि चोडण यांमधल्या दोन फेरीबोटी एकाच धक्क्याला लागतात, पण वेगवेगळ्या वेळी. समीकरण सोडवणं म्हणजे त्या एकाच वेळी कुठे भेटतात ते विचारणं. त्यांच्या वाटा कुठे छेदतात, हा प्रश्न वेगळा. म्हणून आधी आलेख काढा, ध्रुव दोन्हींवर आहे का ते वेगळं तपासा, मगच बीजगणित.

११. मग मोबाइलवर पडताळा

हाताने काढून झाल्यावरच डेसमॉस हे आलेख काढणारं अ‍ॅप उघडा. आर = असं टाइप करून पुढे थीटा लिहिलं की ते ध्रुवीय समीकरण समजतं. पान्याच्या चिन्हात जाऊन चौकटींचा ग्रिड बदलून वर्तुळांचा करा आणि अंश की रेडियन तेही तिथेच बघा. जिओजेब्रा या तशाच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये ध्रुवीय बिंदू लिहिताना स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम लागतो, नाहीतर तो बिंदू एक्स-वायचा समजतो. मी यात एक संध्याकाळ घालवली आहे.

डेसमॉसमध्ये थीटाची वरची मर्यादा एखाद्या अक्षराची करून त्याचा स्लायडर घ्या आणि हळूहळू ओढा. पेन कागदावर फिरताना दिसतं. २ + ४ कॉस थीटा लिहून १२० अंशांपाशी थांबा, आणि पुढचा तुकडा कोणत्या बाजूला जाईल ते बोटाने दाखवून मग स्लायडर सोडा.